बॉलपेनने लिहिलेली चूक

बाळांनो, बेसबॉलच्या स्कोअरबुकात एखादी खूण बदलली तर काय बिघडतं, असं काल तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे आजच लिहिते.

लोणखेड्याच्या मैदानावर शाळांच्या सामन्यांचा स्कोअर एक बाई लिहीत. नाव मी कधी विचारलं नाही. वही गुडघ्यावर, हातात बॉलपेन. पेन्सिल त्यांना चालत नसे.

मी मुख्याध्यापिका होते. एका सामन्यात आमच्या शाळेच्या मुलीने मारलेला सोपा चेंडू समोरच्या संघातल्या मुलीच्या हातातून निसटला आणि आमची पहिल्या बेसवर पोहोचली. बाईंनी हिट, म्हणजे आमच्या मुलीच्या फटक्याचं श्रेय, न लिहिता समोरच्या मुलीची चूक लिहिली. आणखी एक हिट मिळाली असती, तर आमची मुलगी राज्य संघात जाणार होती.

आमचे क्रीडाशिक्षक वाकून म्हणाले, "ताई, हिट लिखी टाका ना, आपलीच पोर शे. पुढला सामनाले बी तुमलेच बलावसूत."

"नका बलावू," बाई मान वर न करता म्हणाल्या. "पोर पयनी, ते मी देखं. चेंडू सुटना, ते बी मी देखं." पोर पळाली हे जसं पाहिलं, तसा चेंडू हातातून सुटला हेही पाहिलं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी वही सहीसाठी माझ्यापुढे धरली. शिक्षक माझ्याकडे बघत राहिले. मी सही केली.

बाईंना पुन्हा बोलावलं गेलं नाही. त्या पानाची प्रत माझ्या कपाटात आहे, आणि तिच्यावर एकही खाडाखोड नाही.