मीटरला लावलेलं हळदकुंकू

मंडळी, आज डोकं सटकलंय, म्हणून इथं लिहून राह्यले.

सकाळी आमच्या भोकरदनच्या घरी लाईटचं नवं मीटर बसवलं. गल्लीत ज्यांच्याकडं ते आधी बसलं, त्यांची बिलं फुगलीत. माझ्या सासूबाईंची रीत अशी, की घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागलंच पाहिजे. त्यांनी मीटरलाही लावलं आणि हात जोडून म्हणाल्या, "जरा हळू पळ रे बाबा, जल्दी करू नको. पोराचा पगार हाय तेवढाच हाय."

मीटरची बातमी करायला आलेला एक बातमीवाला दारात कॅमेरा घेऊन उभा होता. आम्ही त्याला कौतुकानं चहासुद्धा पाजला.

दुपारी मोबाईलवर बातमी आली, 'नव्या मीटरचं महिलांकडून जोरदार स्वागत!' हात जोडलेल्या सासूबाई बराबर दिसत होत्या, पण त्यांचं बोलणं कापून तिथं सनई लावली होती. पाठोपाठ एक सरकारी साहेब सांगत होते, "बघा, लोक खूश आहेत."

सासूबाईंनी ती बातमी परत लावायला सांगितली. मंग मला म्हणाल्या, "रोज टीव्हीवर हात जोडलेले लोक दिसतेत. ते बी असंच काही म्हणत असतील का गं?"

तेच आता इथं विचारून राह्यले. तुम्हाला काय वाटतं?