जॅकेटच्या बाह्या

माझी नात हिमालयात आठ दिवस चालायला निघाली तेव्हा नागपुरात मे महिना होता आणि कूलरसमोर बसूनही पाठ ओली राहत होती. अशा उन्हात तिने मला फोनमध्ये पाहून, नेणाऱ्या लोकांनी पाठवलेली गरम कपड्यांची यादी वाचून दाखवली. अंगालगत घालायचे, घाम लगेच सुकवणारे दोन शर्ट. त्यावर फ्लीसचं जाकीट, लोकरीसारखं मऊ पण हलकं. सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की सुती काहीही आणू नये.

"सुती काहून नको?" मी विचारलं.

"सुती ओलं झालं की सुकत नाही आजी. अंगातली गरमी ओढून घेते. तिथं नुसत्या थंडीनं नाही होत काही, ओलं राह्यलं की माणूस मरते."

मी काटोलकडच्या खेड्यातली. चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरात दोन खोल्या माणसांच्या आणि एक कापसाची होती. सुताला नाव ठेवलेलं मला आवडलं नाही, पण तिचं शेवटचं वाक्य मी विसरले नाही. विसरले असते तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

सून तेव्हा आजारी आईजवळ माहेरी होती. घरात मी, नात आणि माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप. त्याला पोरीचं हे जाणं मुळीच पसंत नव्हतं. दोन आठवडे तो जेवताना एकच बोलत होता.

"गॅलरीत कपडे वाळू घालाले जात नाही, अन् पहाडावर जाते म्हणे."

मी एक दिवस म्हटलं, "जाऊ दे तिले. उद्या लग्न करून अनोळखी घरात पाठवशील, तवा इतकं तपासशील का?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण जायच्या आदल्या दिवशी मी सोता सामान तपासतो. यादीतलं एक जरी बराबर नसलं, तं तिकीट कॅन्सल. मग रडायचं नाही."

नात लगेच हो म्हणाली. तिने वर्षभर कॉलेज करून शिकवण्या घेतल्या होत्या त्या याचसाठी. सकाळी पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन ती जिने चढायची उतरायची. शेजारच्या बाया हसायच्या.

खरेदीला मी तिच्यासोबत गेले, कारण कापड मला कळतं. चाळीस वर्षं मी प्रताप नगरात घरी मशीन चालवली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. शहराच्या टोकाला, बेसाकडे डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे गेलो. दुकानदार पन्नाशीचा, स्वतः पहाडात जाणारा. शर्ट आणि फ्लीस मी चोळून पाहिले, ताणून पाहिले, घेतले. मग त्याने जॅकेट काढलं. मी ते उलटं केलं. आतून प्रत्येक शिलाईवर एक गुळगुळीत पट्टी चिकटवलेली होती. मी नखाने तिचं टोक उचकून पाहिलं.

"शिलाई वाईट असली का लोक अशी पट्टी लावून झाकतात," मी त्याच्या तोंडावर सांगितलं.

"पट्टी राहू द्या मावशी, कामाची आहे ते," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुकानदार आपल्या मालाला वाईट म्हणत नाहीत, म्हणून मी ते कानाआड केलं. मुलींच्या मापाचं जॅकेट संपलं होतं. पोरांचं सगळ्यात लहान घेतलं. बाह्या तिच्या बोटांपर्यंत येत होत्या.

"चालते आजी."

"चालते काय? मागून आणल्यासारखं दिसून राह्यलं. मी करून देते."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात असताना मी मशीन उघडली. मनगटाशी दाबून बंद करायची चिकटपट्टी होती, तिकडून कापता येत नव्हतं. म्हणून बाही खांद्याजवळ उसवली, चार बोटं कापली आणि परत जोडली. ती आतली पट्टी मध्ये येत होती, ती ओढून काढली. सहज निघाली नाही. तेव्हाच मला थांबायला हवं होतं. बारीक टाका घेतला, त्यावर दुसरी टीप मारली, मजबुतीसाठी. काम इतकं साफ झालं होतं की मीच दोनदा हात फिरवून पाहिला. नात आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुठून कापलं, दिसत बी नाही." मी मनात फुगले.

निघायच्या आदल्या दुपारी मी उरलेल्या तुकड्याची औषधांसाठी एक लहान पिशवी शिवली. पाणी शिरत नाही म्हणतात तर पाहू, म्हणून ती नळाखाली धरून भरली. कापडातून थेंब आला नाही. पण शिलाईवरून आला. आधी एक, मग त्याच्या शेजारी दुसरा. सुई जिथे जिथे गेली होती तिथून पाणी बाहेर येत होतं, आणि दुहेरी टिपेच्या जागी तर दोन ओळींतून.

पट्टी कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं.

मी बांधलेल्या बॅगेतून जॅकेट काढलं. खांद्याच्या आत वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि वरून गडूभर पाणी ओतलं. कागद काढला तर त्यावर माझ्या शिलाईचा आकार ओला उमटला होता. दुसऱ्या खांद्याचंही तेच. पाऊस आधी खांद्यावरच पडतो.

घड्याळात चार वाजले होते. मुलगा साडेसहाला येणार होता, यादी घेऊन बसणार होता. मी बोलले नाही तर त्याला काही दिसणार नव्हतं. बोलले तर तिकीट रद्द. नाही बोलले तर पोरगी गळकं जॅकेट घालून बर्फाजवळ. कदाचित तिथे पाऊस येणारही नाही, असं मी दोनदा स्वतःला सांगितलं. मला तिथल्या आभाळाची काय माहिती? मी उभ्या जन्मात पचमढीच्या पलीकडे डोंगर पाहिला नाही.

पाचला नात आली. मी तिला कागद दाखवला आणि काय केलं ते सांगितलं. तिने जॅकेट उलटं केलं, खांद्यावर बोट फिरवलं. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

"तुले कोणी सांगितलं होतं पट्टी काढाले?"

"कोणी नाही. मले वाटलं मले समजते."

ती पलंगावर बसली. मग हळूच म्हणाली, "बाबाले सांगू नको. मी वरून प्लास्टिक घेईन. सांगितलं का संपलं सगळं. तुले माहीत आहे, बाबा कारणाचीच वाट पाहून राह्यले."

"अन् तू ओली झाली तं?"

"नाही होत. नको सांगू आजी. तुया पाया पडते."

तिने या आधी माझ्याकडे कधी काही असं मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

साडेसहाला मुलगा आला. हातपाय धुतले नाहीत, तसाच जमिनीवर मांडी घालून बसला. त्याने यादीचा कागद छापून आणला होता. नात एकेक वस्तू काढून समोर ठेवत होती आणि तो पेनाने खूण करत होता. बूट. मोजे. शर्ट त्याने ताणून पाहिले, जसे मी पाहते तसे. टॉर्च दोनदा लावून पाहिली. काहीतरी कमी निघावं म्हणूनच तो शोधत होता, हे आम्हा दोघींना कळत होतं.

"रेन जॅकेट."

नातीने ते घडी करून ठेवलं, खांदे आत दुमडून. त्याने वरवर हात लावला. "आहे," म्हणाला आणि खूण केली. "हातमोजे."

नातीने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"ते खूण खोड," मी म्हटलं.

नातीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा मी आजही विचार करते.

"काहून?" मुलगा म्हणाला.

"जॅकेट गळते. बाही मी कापली. पोरीचा दोष नाही."

त्याने जॅकेट हातात घेतलं. "चांगलं तं दिसून राह्यलं."

"दिसतेच चांगलं. अंगात घाल अन् नळाखाली उभा राह्य."

त्याला ते खोटं वाटलं असावं. पण तो उठला, ऑफिसच्या शर्टावर जॅकेट घातलं. त्याला ते तंग झालं. न्हाणीघरात उभा राहिला. नातीने शॉवर सुरू केला. आम्ही दोघी दारात. पाणी त्याच्या खांद्यांवरून ओघळत होतं. थोड्या वेळाने त्याने स्वतःच आत हात घातला, खांदा चाचपला. मग दुसरा. शॉवर बंद करून जॅकेट काढलं. निळ्या शर्टावर दोन्ही खांद्यांना गडद पट्टे होते आणि उजव्या बाजूने ओल छातीपर्यंत उतरली होती.

"दहा मिनिटं बी नाही झाले," तो म्हणाला.

नात बाहेर जाऊन बॅगेजवळ बसली. ती रडत नव्हती. सामान परत बॅगेत भरत होती, उगाच, एकेक करून.

"अट काय होती?" तो मला म्हणाला.

"अट मले माहीत आहे. तिनं सगळं बराबर आणलं होतं. बिघडवलं मी. शिक्षा करायची तं मले कर, तिले काहून करतं?"

"अन् तू बोलली नसती तं मले समजलं बी नसतं."

"नसतं समजलं."

"तिले माहीत होतं?"

मी त्याच्या हातातलं ओलं जॅकेट घेऊन नळाला अडकवलं. त्याने पोरीकडे पाहिलं. ती खाली मान घालून मोजे गुंडाळत होती. शर्टातलं पाणी त्याच्या पॅंटवर टपकत होतं. मला वाटलं, आता हा बोलेल आणि सगळं संपेल.

"ते दुकान किती वाजता बंद होते?" त्याने विचारलं.

"साडेआठ," नात म्हणाली.

"चाल मग. बसून काय राह्यली?"

त्याने शर्टही बदलला नाही. दोघं गाडीवर गेले. मी दार लावून घेतलं आणि मशीनवर झाकण टाकलं.

ते परतले तेव्हा मी भाकरी करत होते. त्याच मापाचं नवीन जॅकेट, बाह्या तितक्याच लांब. दुकानदाराने तिला दोन्ही हात वर करायला लावले होते आणि दाखवलं होतं की काठी धरून चढताना बाही आपोआप मनगटापर्यंत येते. मी माप हात खाली सोडून घेतलं होतं, ब्लाउजचं घेते तसं.

नातीने ते घालून दाखवलं. हात खाली असताना बाहीतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. मी पुढे होऊन बाही धरायला हात केला, नुसती पाहायला.

ती एक पाऊल मागे सरली.

मी हात परत घेतला आणि तव्यावरची भाकरी उलटवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली.