विहिरीचं झाकण

नॉर्मा फोनवर बोलायला लागली की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसत असावा. एका औषध कंपनीत ती निवृत्त होईपर्यंत टेलिफोन ऑपरेटर होती. कोणी कितीही तडतडला तरी ही आपली "वन मोमेंट प्लीज" म्हणून त्याला गार करायची. नोकरी सुटली, आवाज सुटला नाही. वाडीत पाणी आलं नाही, कचरा उचलला नाही, की सगळे तिलाच पुढे करत. मी फोन केला तर भांडण होतं आणि तिने केला तर काम होतं, असं अच्युत म्हणतो. अच्युत म्हणजे माझा नवरा. बायकोबद्दल चारचौघांत बरं बोलायचं नाही, असा त्याने नेम केलाय.

आमची वाडी ठाकूरद्वारजवळ. आम्ही पाठारे प्रभू, नॉर्मा आणि तिचा नवरा ज्यो ईस्ट इंडियन ख्रिस्ती. दोघांचेही वाडवडील इथलेच, त्यामुळे मुंबई कोणाची यावर निदान आमच्या दोन घरांत वाद नाही. घरांच्या मधोमध विहीर आहे. मलेरियाचे डास होतात म्हणून माझ्या सासऱ्यांच्या काळात महापालिकेने तिच्यावर लोखंडी जाळी ठोकून दिली. पुढे आम्ही त्या जाळीवर पापड वाळत घालायला लागलो आणि खाली विहीर आहे हे विसरलो.

गेल्या नोव्हेंबरात नॉर्माच्या मुलीचं, जोॲनाचं लग्न निघालं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बँड लावून बायका विहिरीवर जातात, पाणी शेंदतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. हल्ली विहिरी कुठे राहिल्यात? नळाखाली बादली धरायची, वर फुलं टाकायची, की झालं. "माझ्या लग्नात नळाचंच होतं गं," नॉर्मा मला म्हणाली, "जोॲनाला विहिरीचं पाहिजे." तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही मला आठवणारी एकमेव गोष्ट.

तिने राजसला फोन लावला. राजस आमच्या वॉर्डातून निवडणुकीला उभा राहणार होता. महापालिकेला कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, आता कुठे निवडणूक होणार म्हणून सगळी मंडळी पांढरे शर्ट घालून हिंडत होती. नॉर्माने त्याच्याकडे एवढंच मागितलं की एक सकाळ जाळी उघडून द्या. त्याने जाळीच कापून नेली. विहिरीला ग्रॅनाइटचा कठडा आला, रंगीत दिवे आले, आणि राजसचं नाव कोरलेली भली मोठी पाटी आली. "आंटी, नवीन झाकण बनवायला टाकलंय. पारदर्शक. आतलं पाणी दिसेल," तो म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी नॉर्मा लुगडं नेसली. बँडवाल्यांनी वाडी डोक्यावर घेतली. ज्यो कठड्याला धरून नाचला. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. मी घरातून हळदकुंकू आणून विहिरीची ओटी भरली, आमच्यातल्या बाकीच्या बायकाही आल्या. राजस फोटोपुरता आला होता. लग्न होऊन जोॲना वसईला गेली.

झाकण काही आलं नाही. डिसेंबरात वाडीत ताप सुरू झाला. पहिली शेजारची शेवंतीबाई, मग समोरचा अनिश, मग त्याची आई. सगळ्यांना मलेरिया. नॉर्मा घाबरली ती ज्योसाठी. त्याची एक किडनी काढलेली, दुसरी कशीबशी चालणारी. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की याला तापाबिपापासून जपा. "मला दुसरं काही नको, शकू," ती म्हणायची, "फक्त ज्योला ताप यायला नको."

तिने फोन करून महापालिकेचा डासवाला बोलावला. त्याने दोरीला बांधलेला डाव विहिरीत सोडून पाणी काढलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तो औषध टाकणार, तेवढ्यात राजसची पोरं धावत आली. "अरे, ओटी भरलेली विहीर आहे ही! औषध टाकतानाचा व्हिडीओ बाहेर गेला तर काय होईल माहितीय?" ओटी मीच भरली होती, आणि मीच ओरडत होते की टाक रे बाबा औषध. पण तेव्हा माझ्या ओटीला किंमत होती, मला नव्हती. डासवाला बिचारा डाव पुसून निघून गेला.

मग नॉर्माने वॉर्ड ऑफिसला फोन लावला. तिथला साहेब गोड बोलला. "मॅडम, आचारसंहिता लागलीय. नवीन काम काढता येत नाही." दुसऱ्याच दिवशी वॉर्ड ऑफिसची माणसं मात्र हजर! मला वाटलं, आली बाई अक्कल. त्यांनी पिशवीतून खाकी कागद आणि चिकटपट्टी काढली आणि राजसच्या नावाची पाटी झाकली. उमेदवाराचं नाव दिसायला नको ना! पाटी नीट चारी बाजूंनी झाकून ते निघाले. मी त्यांना आडवी गेले. "अहो, तो कागद इकडे विहिरीवर टाका की!" त्यातला एक म्हणाला, "काकी, ऑर्डर नावाची आहे." माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. अच्युतने मला आत ओढून नेलं.

संध्याकाळी धूर यायचा. एक दिवस राजसचा, एक दिवस त्याच्या विरोधकाचा. धुराच्या मशीनमागे झेंडे घेतलेली माणसं चालायची. आम्ही खोकून बेजार व्हायचो आणि अळ्या पाण्यात सुखाने वाढायच्या.

शेवटी ज्यो आणि अच्युतने आमच्या डबलबेडची मच्छरदाणी विहिरीवर ताणून बांधली. नॉर्मा किती दिवसांनी हसली तेव्हा. पण विरोधकाच्या माणसाने फोटो काढला. 'राजसभाऊंच्या विकासाला मच्छरदाणी' म्हणून तो वॉर्डभर फिरला. रात्र व्हायच्या आत राजसच्या पोरांनी मच्छरदाणी काढून, घडी घालून दारात आणून दिली. आम्ही पुन्हा बांधली, ती पुन्हा घडी होऊन आली. मग राजसचाच फोन. "आंटी, थोडं सांभाळून घ्या. निवडून आलो की दुसऱ्या दिवशी झाकण. शब्द आहे माझा." मी शेजारीच बसले होते. हातवारे करून सांगत होते की झाड त्याला, चांगला झाड. नॉर्मा म्हणाली, "ओके. थँक यू."

नाताळ झाला आणि ज्योला थंडी वाजली. तीन रजया घातल्या तरी दात वाजत होते. हॉस्पिटलात नेईपर्यंत ताप डोक्यात चढला होता. किडनीने हात टेकले. नॉर्मा आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून असायची. मी डबा न्यायचे, ती दोन घास खायची, झाकण लावून परत द्यायची. नवीन वर्ष लागलं आणि ज्यो गेला.

ती रडली नाही. शवपेटीवाल्याला तिनेच फोन केला. त्याच जुन्या आवाजात ज्योच्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, पुन्हा वाचून घेतलं, चूक सुधारली. मी तिला धरून हलवलं. "नॉर्मा, रड ना गं." "हो, रडते," ती म्हणाली आणि फादरना फोन लावला. मला तिची भीती वाटली. दफनाच्या वेळी जोॲना तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती आणि ही तिची पाठ थोपटत दुसरीकडेच कुठेतरी बघत होती.

दफनाला राजस आला होता. हात जोडून उभा राहिला. घाईत होता.

मतदानाच्या दिवशी मला वाटलं, ही घराबाहेर पडणार नाही. पडली. तयार होऊन दारात उभी. राजसची गाडी आली होती, तिला तिने नको म्हणून सांगितलं. आम्ही दोघी शाळेपर्यंत चालत गेलो. मला बरं वाटत होतं. म्हटलं, आता तरी ही त्याला दाखवून देईल. बोटाला शाई लावून बाहेर आलो तसं मी विचारलं, "दुसऱ्याला दिलंस ना?"

"राजसला दिलं."

मी रस्त्यातच थांबले. "तुझं डोकं फिरलंय का? तुझा नवरा घेतला त्याने!"

"हळू बोल," ती म्हणाली. "दुसरा निवडून आला तर तो राजसच्या विहिरीला हात लावेल? आणि हरलेला राजस झाकण आणून देईल? अनिशला परत ताप आलाय, शकू."

ती पुढे चालत होती, कडेकडेने, खड्डे चुकवत.

राजस निवडून आला. शब्दाचा पक्का निघाला, दुसऱ्या दिवशी सकाळीच माणसं पाठवली. नॉर्मा तिच्या खिडकीत आली, मी माझ्या. झाकण महिनाभर त्याच्या ऑफिसात तयार पडून होतं, असं त्यांच्यातला एक जण सांगत होता. मी त्यांच्यासाठी चहा टाकला. तो उकळून, गाळून बाहेर नेला, तर झाकण बसवून माणसं निघालीसुद्धा होती.