फोरबर्गमधलं रेघांचं पुस्तक

टिलबर्गहून निघालो तेव्हा मिलिंददादाच्या गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ होता आणि माझ्या पिशवीत प्रज्ञाताईची पत्रं होती. तुरुंगातून आलेली. ताई आमच्या गावच्या सफाई कामगारांची पुढारी. कोरोनात हातमोजे मागायला मोर्चा नेला म्हणून तिला आत टाकलं. हातमोजे मागितले म्हणून! तिच्या पत्रांची पुस्तिका मी इथे हॉलंडमध्ये शिकता शिकता जुळवली होती. गावी त्याच दिवशी संध्याकाळी सातला, म्हणजे इथल्या दुपारी अडीचला, छपाई सुरू होणार होती. प्रस्तावनेचा एकच परिच्छेद राहिला होता आणि त्यासाठीच हा प्रवास.

काही शतकांपूर्वी फ्रान्समध्ये एका प्रॉटेस्टंट पाद्र्याला बंदी घातलेला धर्म सांगितला म्हणून कोठडीत टाकलं. त्याची पत्रं चोरून हॉलंडमध्ये आली आणि इथे छापली गेली. तो राहिलेला परिच्छेद मला त्याच पुस्तकावर लिहायचा होता. त्याची एक प्रत फोरबर्गच्या एका निवृत्त दोमिनेबाईंकडे (दोमिने म्हणजे पाद्री) आहे, असं विद्यापीठाच्या ग्रंथालयात कळलं. ईमेल पाठवला. आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं : गुरुवारी, अकरा वाजता.

मिलिंददादा आमच्याच गावचा, इथे फेल्डहोवनला चिपच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत आहे. माझ्यासाठी त्याने रजा टाकली. वहिनींनी डबा दिला.

फोरबर्गला पोचलो तर अख्खं गाव बर्फावर. घरांमागचे चर गोठलेले, त्यावर आजोबा हात पाठीमागे बांधून सरसर घसरत चाललेले, पोरं खुर्च्या ढकलत शिकतायत. लॉकडाऊन आहे की जत्रा, कळेना. मला तर गाडीतून उतरून पळतच सुटावंसं वाटत होतं.

दार उघडलं. उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. आम्हां दोघांकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं. "एक."

घरी दिवसाला एकच पाहुणा, हा त्या हिवाळ्यातला नियम. मला तो पाठ होता. पण आपल्याकडे एकाला बोलावलं की गाडी चालवणारा आलाच, हे त्याहून जास्त पाठ होतं.

"यांनी मला आणलंय," मी म्हणाले.

"छान चालवत असतील," बाई म्हणाल्या. "बाहेर बाक आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा मराठीत म्हणाला, "पुढारीणबाई, इथे मोर्चा नको. पुस्तिकेची कच्ची प्रत दे इकडे, तेवढ्यात चुका काढतो."

पुस्तक तळहाताएवढं होतं, चामड्याच्या बांधणीचं. हातात घेतलं आणि अंगावर काटा आला. यातला शब्द न शब्द कुणाच्या तरी छातीशी लपून इथवर आलेला. बाई एकेक ओळ इंग्रजीत सांगत होत्या, मी भराभर लिहून घेत होते. कोठडीतली ओल, उंदीर, रविवारी मनातल्या मनात केलेलं प्रवचन. आणि मग : "भाकरीत शाई लपवून आणली रेघ या बाईने. पत्र बाहेर नेलं रेघ या चांभाराने."

"रेघ म्हणजे?"

"नाव नाही. पाद्र्याने लिहिलं होतं, छापणाऱ्याने काढलं. सगळीकडे."

मी भडकले. नावं घ्या, तोंडावर घ्या, हेच मी आजवर प्रत्येक पत्रकात लिहिलं होतं. "ही सेन्सॉरशिप आहे," मी म्हणाले. "ज्यांनी धोका पत्करला, त्यांचीच नावं खोडायची?"

बाईंनी चष्मा काढला. "पुस्तक इथे छापलं. माणसं तिथे राहत होती."

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. दादा होता. बाईंनी त्याला मघाशी एर्तेनसूप (वाटाण्याचं घट्ट सूप) दिलं होतं. एका हातात तो मग, दुसऱ्यात पुस्तिकेची कच्ची प्रत. बाईंनी खिडकी फटीएवढी उघडली.

"पान नऊ," दादा म्हणाला. "कैद्याला पत्राला दोनच कागद मिळतात, या तुरुंगातल्या हवालदारबाई ताईला गुपचूप जास्तीचे देतात. नाव, आडनाव, बिल्ला क्रमांक सगळं छापतेयस. आभार मानतेयस की तक्रार करतेयस?"

नाव ताईनेच प्रेमाने लिहिलं होतं आणि मी ते ठळक केलं होतं. ठळक!

दोन वाजायला दहा मिनिटं होती. बाईंच्याच स्वयंपाकघरातून छापखान्याच्या काकांना फोन लावला.

"आता काय गं?"

"काका, पान नऊ थांबवा. नाव काढून रेघ टाका. बिल्लासुद्धा."

"आणि पान बाराच्या मास्तरांचं?"

मास्तर मला आठवलेच नव्हते. ताईची पत्रकं त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवली होती. "तेही. थांबा, सगळंच परत वाचते."

एकूण सात रेघा झाल्या. बाई शेजारी बसून पुस्तकाची पानं उलटत होत्या. निघताना मी वहिनींचा डबा त्यांच्या हातात ठेवला. "तिखट आहे," मी म्हणाले. "तुझ्याइतकं?" त्यांनी विचारलं.

परतताना दादा हायवेवर म्हणाला, "प्रस्तावना राहिलीच की." अडीच वाजायला अजून पाच मिनिटं होती. दोन ओळी मांडीवरच लिहून काकांना पाठवल्या : या पुस्तिकेत जिथे रेघ आहे, तिथे एक माणूस आहे. ते माणूस अजून तिथेच राहतं.

तीन आठवड्यांनी ताईचं पुढचं पत्र आलं. पाच कागदांचं. म्हणजे हवालदारबाई अजून ड्युटीवर होत्या.