एकशे अठ्ठावीस ओहम

पैनगंगेला पूर आला तेव्हा आमची तुकडी कामठीहून निघाली आणि सकाळी सहा चाळीसला ढाणकीला पोचली. मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नायक होतो. माझं गाव घाटंजी. वडील कचेरीत कारकून होते, त्यांच्यामुळे अक्षर बरं आणि गणित पक्कं. लॉगबुक कायम माझ्याकडे असायचं. ‘साधारण’, ‘जवळपास’ असले शब्द मला तेव्हाही चालत नसत, आजही चालत नाहीत. बायको म्हणते, तुम्हाला चहासुद्धा ग्रॅममध्ये करून द्यावा लागेल. माझा हा स्वभाव इथे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. ढाणकीबाहेरची एक जिनिंग फॅक्टरी दोन हंगाम बंद पडली होती. कमांड पोस्टसाठी आम्हाला तीच मिळाली. पत्र्याची लांब शेड, कुलूपबंद यंत्रं, आणि छताच्या कैच्यांना, तुळयांना चिकटलेले कापसाचे पुंजके. आम्ही दार उघडलं तसे ते पुंजके सुटून हवेत तरंगायला लागले. नंतर दार बंद केलं, वारा थांबला, तरी ते दिवसभर खाली बसले नाहीत. शेडमध्ये कुणी बोललं की आवाज पत्र्याला न आपटता कापसात मुरून जायचा. मला ती जागा पहिल्या तासापासून आवडली नाही.

आमच्या एक दिवस आधी येऊन पोचलेल्या कॅप्टनसाहेबांनी चौदा किलोमीटरवरच्या नदीकाठच्या गावात सहा जवान आदल्या रात्रीच उतरवले होते. गाव पाण्याने वेढलेलं होतं. सकाळी साडेआठला त्यांचा वायरलेस सेट भिजून बंद पडला. त्या काळी तिकडे मोबाईल नव्हता. गावातल्या फोनचे खांब वाहून गेले होते.

“लाइन डालो,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

चौदा किलोमीटर केबल आमच्याकडे नव्हती. तेव्हा फॅक्टरीचा चौकीदार पुढे आला. युसूफभाई, वय साठीचं, पूर्वीचा याच फॅक्टरीतला मेकॅनिक. त्याने बाहेर नेऊन एक तार दाखवली. सागाच्या जुन्या खांबांवरून एकच लोखंडी तार शेतांतून सरळ नदीकडे गेली होती.

“कंपनीची तार हाय, साहेब. नदीवरच्या डेपोत कापसाचा भाव कळवासाठी. माह्या आज्याच्या काळची. आमी तिच्यावर फोनही चालवला. अजून शाबूत हाय.”

ऐकणाऱ्यांना एकच तार म्हटलं की नवल वाटतं, म्हणून सांगतो. तारायंत्र निघालं तेव्हा लोक जाणारी एक आणि परतीची एक अशा दोन तारा टाकत. मग ध्यानात आलं की परतीच्या तारेचं काम जमीनच करते. दोन्ही टोकांना जमिनीत एकेक सळई ठोकली की झालं. निम्मी तार वाचली, आणि तारायंत्र खेड्यापाड्यांत पोचलं. वऱ्हाडात ते पोचलं कापसामुळे. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, लढाई संपताच तो भाव कोसळला. बातमी ज्याला आधी कळली तो तरला. तेव्हापासून कापूसवाल्यांना तारेशिवाय झोप येईनाशी झाली.

तार तपासायला लाइनमन हवा होता. लान्स नायक रोहिदास राठोड. दिग्रसकडच्या तांड्यावरचा, सत्तावीस वर्षांचा, बारीक चणीचा, खांबावर खारीसारखा चढणारा. त्याच्या जोडीदाराला ताप होता. लाइनवर एकट्याने जायचं नाही हा आमचा नियम आहे. मी तसं बोललो.

“कायले घाबरता, उस्ताद? तारंखालून सरळ तं चालाचं हाय. बांधावर पाणी गुडघ्याएवढंच हाय.”

“फोन घेऊन जा.”

“फोन कायले? पाण्यात भिजला तं अजून वझं. जीभ हाय ना माह्यापाशी.”

जुन्या लाइनमनची ही रीत आहे. तारेत करंट आहे का हे बघायला तारेचं टोक जिभेला लावायचं. आंबट-खारट झिणझिणी आली की तार जिवंत. रोहिदासने मलाही ती शिकवली होती. बदल्यात मी त्याला मोर्स, म्हणजे लहान-लांब खुणांची तारेची लिपी, शिकवली होती. हळू पाठवायचा, पण चुकत नसे.

कॅप्टनसाहेबांनी परवानगी दिली. दहा पाचला रोहिदास निघाला. मी तारेचं आमचं टोक मीटर आणि बॅटरीला जोडलं, दुसरी वायर जमिनीतल्या सळईला. फील्ड टेलिफोनचा हँडल शेजारी ठेवला. तो फिरवला की तारेत सणसणीत करंट जातो. मग मी मीटरसमोर बसलो.

बारा पन्नासला सुई शून्यावर पडली. तार तुटली होती.

एक वीसला सुई हलली. पहिल्यांदा मला वाटलं वाऱ्याने तार जमिनीला लागतेय. मग अक्षरं दिसली. तुटलेलं टोक पाण्याला लावलं की सर्किट पुरं होऊन सुई उडते, उचललं की परतते. त्यातला लहान आणि लांब स्पर्श मी वाचत गेलो. ‘झाड. पाय.’

मी हँडल फिरवून विचारलं, ‘कुठे?’ त्याला ते बोटांत झिणझिण्यांनी कळत असणार.

‘नाही माहीत. पाणी.’

झाड अंगावर पडून पाय अडकला होता, आणि चहूकडे एकसारखं पाणी. खांबांवर नंबर नव्हते. पावसाने वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. त्याचा ठिकाणा आता मलाच काढायचा होता.

गणित सोपं आहे. तार जितकी लांब तितका तिचा विरोध जास्त, आणि तो ओहममध्ये मोजतात. तार कुठे जमिनीला टेकलीय ते इथे बसून कळतं. एकूण विरोधाला दर किलोमीटरच्या विरोधाने भागायचं. आरंभीच्या तारवाल्यांनी समुद्राखालच्या तारांचे बिघाड याच युक्तीने शोधले. मी शेडबाहेरच्या तारेची जाडी मोजली. किलोमीटरला नऊ ओहम बसले. रोहिदासला कळवलं, ‘टोक पाण्यात धर.’ त्याने धरलं. मीटरवर एकशे अठ्ठावीस ओहम आले. टोक आणि पाणी यांच्यातला विरोध म्हणून वीस वजा केले. उरले एकशे आठ, भागिले नऊ.

तेवढ्यात युसूफभाई आत आला. “साहेब, एक गोष्ट... थे तार...”

“सिव्हिलियन आत नको,” मी म्हणालो. “मोजणी चालू आहे. बाहेर थांबा.”

त्याने आणखी एकदा तोंड उघडलं. मी दाराकडे बोट दाखवलं. तो गेला.

“डिस्टन्स?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

“बारा किलोमीटर, सर.”

“शुअर?”

“शुअर, सर.”

दोन दहाला कॅप्टनसाहेब चार जवान घेऊन मोटरबोटीने निघाले. पाणी उथळ होतं तिथे बोट ओढत, धार होती तिथे वळसे घेत. मी शेडमध्ये एकटा राहिलो. रोहिदासला कळवलं, ‘बोट निघाली.’

उत्तर आलं. लहान, लांब, लहान. मोर्समधलं हे एक अक्षर, त्याचा अर्थ ‘मिळालं’.

त्यानंतर शब्द आले नाहीत. दर पाच मिनिटांनी मी हँडल फिरवून तेच अक्षर पाठवायचो, म्हणजे मी इथे आहे. दोन-तीन सेकंद जात आणि सुई उडायची. लहान, लांब, लहान. मी प्रत्येक उत्तर वेळेसह लॉगमध्ये लिहिलं. दोन पंचवीस. दोन तीस. दोन पस्तीस. शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. कापूस माझ्या तोंडासमोरून जात होता. अडीचनंतर कधीतरी मला असं वाटायला लागलं की हे अक्षर फार सारखं येतंय. माणूस दमला की त्याचा हात बदलतो, लहान लांबतं, लांब तुटतं. रोहिदासचा हात मला ठाऊक होता. हा त्याचा नव्हता. सांगायला लाज वाटत नाही, तो माझा होता. मी ज्या लयीत पाठवत होतो त्याच लयीत परत येत होतं. तरी मी पाठवणं थांबवलं नाही.

तीन पाचला वायरलेसवर कॅप्टनसाहेब आले. “बारा किलोमीटर पे हूँ। तार यहाँ साबुत है। आदमी नहीं है। ओव्हर।”

“सर, सुई चालू आहे. जिवंत आहे तो. ओव्हर.”

“कहाँ?”

मी दार उघडलं. युसूफभाई पत्र्याखाली उकिडवा बसला होता, तसाच, मी बसवला तिथेच.

“युसूफभाई, मघाशी काय सांगत होता?”

“थे तार सगळी एकसारखी नोहे, साहेब. पाचव्या मैलाच्या अलीकडं चोरट्यायनं तार तोडून नेलती. कंपनीनं नवी दिली नाही. मंग मीच कुंपणाची बारीक तार जोडली. दोन किलोमीटर असंल.”

“मग आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगाले तं आलतो. तुमी बाहीर काढलं मले.”

शितावरून भाताची परीक्षा मी केली होती. दारातली हातभर तार मोजून चौदा किलोमीटरचा निकाल दिला होता. युसूफभाईने कुंपणाच्या तारेचा तुकडा कुठूनसा आणून दिला. मी मोजला. किलोमीटरला सत्तावीस ओहम. दोन किलोमीटरचे चोपन्न. उरलेले चोपन्न भागिले नऊ, सहा. सहा आणि दोन, आठ. रोहिदास आठव्या किलोमीटरवर होता. बोट त्याच्या बाजूने, पावसातून, वळसा घेत पुढे निघून गेली होती.

तीन वीसला मी दुरुस्ती कळवली. कॅप्टनसाहेब फक्त “रॉजर” म्हणाले. उलट्या धारेत बोटीला वेळ लागला. मी हँडल फिरवत राहिलो, उत्तर येत राहिलं. चार दहाला मी हँडल फिरवण्याआधीच सुई उडाली. लहान, लांब, लहान. त्यानंतर मी पुष्कळ फिरवलं. सुई हलली नाही.

चार पन्नासला वायरलेस बोलला. “मिल गया।” थोडं थांबून, “नहीं रहा।”

त्याला बाभळीच्या खोडाखालून काढलं. पाण्याच्या वर फक्त छाती आणि उजवा हात होता. तार मनगटाला तीन वेढे घट्ट गुंडाळलेली, म्हणजे भोवळ आली तरी सुटू नये. टोक पाण्याच्या बोटभर वर लोंबत होतं.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी संध्याकाळी त्याला तपासलं. डोक्याला मार होता, रक्त आतल्या आत गेलं होतं. ते म्हणाले, दोन, फार तर सव्वादोन. त्यानंतर हा माणूस जिवंत नव्हता.

मी लॉग पुढे केला. त्यांनी तो वाचला, परत वाचला.

“तू हँडल फिरवत होतास?”

“हो, सर.”

“मेलेल्या बेडकाचा पाय करंटने उडतो, ते शाळेत शिकला असशील. बॅटरीचा शोधच त्या पायावरून लागला. मेलेल्या माणसाचा स्नायूही काही वेळ तसाच उडतो. तू त्याचा हात हलवत होतास. टोक पाण्याला लागत होतं.”

मी म्हणालो, “स्नायू लगेच उडतो, सर. इथे प्रत्येक उत्तरापुढे दोन ते तीन सेकंद लिहिलेत. आणि चार दहाला मी हँडल फिरवलाच नव्हता.”

डॉक्टरसाहेबांनी लॉग मिटून माझ्या हातात दिला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. यवतमाळला राहतो. माझं गणित अजून सुटलेलं नाही. डॉक्टरसाहेब खरे असतील तर बोट कुठेही गेली असती तरी रोहिदास वाचला नसता, माझ्यावर दोष नाही. पण मग दोन तास माझ्याशी कोण बोलत होतं? आणि सुई खरी असेल तर रोहिदास चार दहापर्यंत वाट बघत होता, आणि पहिल्या फेरीतच बोट त्याच्यापाशी थांबायला हवी होती. एक उत्तर घेतलं की भीती वाटते, दुसरं घेतलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

महिन्याभराने मी तांड्यावर गेलो. त्याची बायको, कमला, खोपटाबाहेर उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. तार, गणित, युसूफभाईला बाहेर काढलं ते, चुकीची जागा. डॉक्टरसाहेबांची वेळ सांगितली आणि सुईची वेळही सांगितली. मला वाटलं ती मला शिव्या देईल. मी त्याच तयारीने गेलो होतो.

तिने बाज पुढे ओढून मला बसवलं. मग म्हणाली, “भाऊ, डाक्टर दोन म्हणते?”

“हो.”

“अन् तारंवर चार दहा?”

“हो.”

“तेवढा येळ तुमी त्याले जवाब देत होते ना?”

“हो, दर पाच मिनिटांनी.”

“मंग मी चारच धरतो,” ती म्हणाली. “दोनले मेला असंल तं एकटा मेला. चारले मेला असंल तं तुमी होते त्याच्यासंगं.”

दोष माझ्यावर येतो ती वेळ तिने घेतली, आणि मला ती नाकारता आली नाही. तेव्हापासून मीही चार दहाच धरतो. लान्स नायक रोहिदास राठोड, लाइनमन. मृत्यूची वेळ सोळा दहा.