बाई चुकत नाहीत

एकतीस वर्षं बाई अकरावी-बारावीला गणित शिकवत होत्या, आणि एवढ्या वर्षांत मुलांनी त्यांचं खरं नाव कधी तोंडात घेतलं नाही. मुलं त्यांना चौकटबाई म्हणायची. पाठीमागे, अर्थातच. गणित सुटलं की बाई उत्तराभोवती खडूने चार ठसठशीत रेघा ओढायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता हे उत्तर कुणाच्या बापाला घाबरत नाही."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती तोवर आई आणि वर्ग, आई गेल्यावर नुसता वर्ग. धाकटा भाऊ दूरच्या शहरात, त्याचा रविवारी फोन यायचा. पाच मिनिटं भाऊ बोलायचा, दोन मिनिटं वहिनी, की आठवडा संपला.

मग एका सुट्टीत संस्थेने ठरवलं, की चांगल्या शिक्षकांचे तास चित्रित करून ठेवायचे. गणितासाठी बाईंची निवड झाली. संचालक म्हणाले, "बाई, आता तुमचं शिकवणं चार भिंतींत राहणार नाही." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तळमजल्यावरची सामानाची खोली रिकामी करून तिच्या भिंतींना करडा स्पंज चिकटवला होता. त्यात आवाज असा मुरायचा, की बोललेलं वाक्य ओठांपाशीच संपून जायचं. समोर वर्ग नाही, कॅमेऱ्याचं काळं भिंग. पहिल्या दिवशी बाई तीनदा अडखळल्या. एकतीस वर्षं त्या चेहरे वाचून शिकवत होत्या. कुणाच्या कपाळाला आठी पडली की मागे जायचं, कुणी पेन खाली ठेवलं की पुढे सरकायचं. भिंगाला आठ्या पडत नाहीत.

"समजलं का?" सवयीने त्यांनी विचारलं. कॅमेऱ्यामागच्या माणसाने एकदम मान हलवली. चाळिशीचा, अबोल गडी होता. त्याला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईंना कुणीतरी मान हलवणारं हवंय एवढं त्याला कळलं. मग दोन सुट्ट्यांमध्ये बाईंनी त्याला एकशे अठरा तास शिकवले आणि त्याने एकशे अठरा तास मान हलवली. नाही, एकशे सतरा. एक दिवस तो तापाने घरी होता. दुसऱ्या कुणीतरी येऊन कॅमेरा चालू केला, "बाई, संपलं की हे बटण दाबा," असं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

तास लोकप्रिय झाले. दूरदूरची मुलं नावं नोंदवू लागली, आकडा एकोणीस हजारांवर गेला. आणि कॉलेजातले वर्ग मात्र आटू लागले. चार तुकड्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक. मग त्या एकीतही पडदा लावून चित्रित तासच दाखवू लागले. त्या दिवशी बाई जिन्यावरून खाली येत होत्या आणि बंद दाराआडून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. आत मुलांना शिकवणं चाललं होतं, आणि बाई बाहेर रिकाम्या हाताने उभ्या होत्या. दोन वर्षं आधीच त्यांनी निवृत्ती घेतली. घेतली म्हणजे संचालकांनी सुचवली आणि बाईंनी होकार दिला. निरोपाचा कार्यक्रमही पडद्यावरच झाला. चौतीस छोटे चौकोन, निम्म्यांचे तर कॅमेरे बंद. बाई मनापासून बोलल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमचा आवाजच येत नव्हता. पण छान बोललात."

घरी बसल्यावर पहिल्यांदा बिघडला तो गळा. दिवसाला पाच तास चालणारा गळा आता दोन-दोन दिवस बंद राहायचा. खाली भाजी आणायला गेल्या आणि "अर्धा किलो द्या" म्हणाल्या, की गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघायचा. मग त्या घरातच मोठ्याने वर्तमानपत्र वाचू लागल्या. चार दिवसांनी स्वतःलाच ओशाळून तेही सोडलं.

त्याच सुमारास शेजारच्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई राहायला आली. उंच, सडपातळ, केसांत खोचलेली पेन्सिल. तिची-यांची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरती. दिवसभर भिंतीपलीकडून मशीनची घरघर यायची. एका सकाळी बाई भाजी चिरत होत्या, आणि घरघर थांबल्या-थांबल्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "घाई करू नका. आधी काय दिलंय ते लिहा."

बाईंचा हात थांबला. तो आवाज त्यांचा होता. त्या सुरी तशीच धरून भिंतीजवळ गेल्या. कान लावणं बरं दिसत नाही, हे त्यांना कळत होतं. पण स्वतःचंच बोलणं चोरून ऐकण्यात कसली चोरी?

मग तो रोजचाच परिपाठ झाला. सकाळी भांडी आवरून बाई भिंतीलगत खुर्ची टाकून बसायच्या. पलीकडे तास सुरू व्हायचा, मध्येच थांबायचा, गिऱ्हाईकाशी बोलणं व्हायचं, पुन्हा सुरू. आपण किती चांगलं शिकवायचो, हे बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. एवढ्या वर्षांत स्वतःच्या वर्गात बसायची वेळ कुणावर येते?

आणि मग चौसष्टावा तास आला. संभाव्यता. "बावन्न पत्ते आहेत," भिंतीपलीकडच्या बाई म्हणाल्या, "त्यात बदामाचे तेरा. एक पत्ता काढला, परत ठेवला नाही, आणि दुसरा काढला. दोन्ही बदामाचे निघण्याची शक्यता किती? पहिला, बावन्नात तेरा. दुसरा, बावन्नात बारा. गुणाकार करा. तीन छेद बावन्न. झालं. आता हे उत्तर..."

बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "एक्कावन्न!" त्या भिंतीला म्हणाल्या. एक पत्ता बाहेर राहिला, तर उरले एक्कावन्न. उत्तर एक छेद सतरा. ही चूक तर त्या मुलांना तंबी देऊन शिकवायच्या. इथे त्यांनी स्वतःच ती केली होती आणि वर तिच्याभोवती चौकट आखली होती.

त्यांना आठवलं. कॅमेरावाला आला नव्हता तो हाच तास. तो असता तरी त्याने मानच हलवली असती म्हणा. पण वर्ग असता तर? साठ मुलं एकदम ओरडली असती, "बाई, एक्कावन्न!" मागच्या बाकावरच्यांना तर चेवच आला असता. बाईंनी जीभ चावली असती, फळा पुसला असता, सगळे हसले असते आणि ते गणित मुलांच्या जन्मभर लक्षात राहिलं असतं.

रविवारी त्यांनी भावाला सांगितलं.

"अगं ताई, एवढं काय त्यात?" भाऊ म्हणाला. "कोण बघतंय?"

"एकोणीस हजार जणांनी बघितलंय."

"मग एवढ्यांतल्या कुणी तक्रार केली का? नाही ना? सोड की आता. मजेत राहा." आणि त्याने फोन वहिनीकडे दिला.

सोमवारी बाई कॉलेजात गेल्या. अभ्यासक्रमाचं काम बघणारी समन्वयक त्यांच्या निवृत्तीनंतर लागलेली होती. तिने अदबीने खुर्ची दिली, संगणकावर तास काढला, तोंडाने हिशोब केला आणि म्हणाली, "बरोबर आहे, बाई. चूक आहे."

"मग मी तो तास पुन्हा करून देते. आत्ता. वीस मिनिटांचं काम."

"स्टुडिओ आता नाहीये. आणि कोर्स दुसऱ्या कंपनीला दिलाय, आमच्याकडून काहीच बदलता येत नाही. तुम्ही तक्रारीचा फॉर्म भरा ना."

बाईंनी घरी येऊन फॉर्म उघडला. पहिलाच रकाना विद्यार्थी क्रमांकाचा. तो भरल्याशिवाय पुढे सरकेना. मग बाईंनी काय करावं? स्वतःच्याच अभ्यासक्रमाला नाव नोंदवलं. "नवीन विद्यार्थ्याचं स्वागत," असा निरोप आला. त्यांनी तक्रार लिहिली, आणि दोन दिवसांनी उत्तर आलं, की आपल्या शंकेचं निरसन झालेलं आहे.

पण विद्यार्थी झाल्यामुळे त्यांना तासाखाली मुलांनी लिहिलेलं दिसू लागलं. चौसष्टाव्या तासाखाली कुणीतरी खूप आधी विचारलं होतं, "पुस्तकात उत्तर १/१७ आहे. बाईंचं वेगळं का येतंय?" खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, "पुस्तकात छपाईची चूक असेल. बाई चुकत नाहीत." त्याला दोनशे जणांनी पसंती दिली होती.

बाईंना हे वाक्य चुकीपेक्षाही जास्त लागलं. त्यांनी एका बोटाने, सावकाश लिहिलं, "बाई चुकल्या आहेत. छेद ५१ हवा."

संध्याकाळपर्यंत चार उत्तरं आली. "तू कोण?" "तुला बाईंपेक्षा जास्त कळतं का?" "आधी पास हो." चौथ्याने नुसतेच दात काढले होते. कितीतरी वर्षांत बाईंना अरे-तुरे कुणी केलं नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, पण ही पोरं भांडत होती ती त्यांच्याच बाजूने, त्यांच्याशीच. दुसऱ्या दिवशी त्यांचा मजकूर काढून टाकलेला होता. कारण दिलं होतं, शिक्षकांविषयी अनादर.

बाईंनी कपाळाला हात लावला. एकोणीस हजारांपैकी एकच विद्यार्थिनी त्यांच्या आवाक्यात होती. त्या उठल्या आणि शेजारचं दार वाजवलं.

"कपडे टाकायचेत?" शिवणवाली म्हणाली.

"नाही. चौसष्टावा तास," बाई म्हणाल्या, आणि एवढ्या दोनच शब्दांवर समोरचीचे डोळे विस्फारले. तिने चेहऱ्यावरून ओळखलं नव्हतं. पडद्यावरच्या बाई नीटनेटक्या, या पांढऱ्या केसांच्या, घरच्या चपलांतल्या. पण आवाज ऐकला आणि ती दाराची चौकट धरून उभीच राहिली.

"अगंबाई! तुम्ही? इथे, शेजारी?"

"ते गणित मी चुकवलंय. तेवढं सांगायला आले."

खोलीत सगळीकडे कापडाच्या चिंध्या. बाईंनी बटणांचा डबा मागितला, बावन्न बटणं मोजून मांडली, त्यात तेरा लाल. "काढ एक," त्या म्हणाल्या. शिवणवालीने लाल काढलं. "परत ठेवू नकोस. आता मोज, किती उरली?"

शिवणवालीने एकेक करत सगळी मोजली. "एक्कावन्न." तिचे डोळे भरून आले होते. "बाई, मी हा तास सात वेळा मागे नेऊन ऐकला हो. मला एक्कावन्नच वाटत होतं. पण म्हटलं, आपलंच डोकं कमी. म्हणूनच तर शाळा सुटली होती तेव्हा. आता बाहेरून बारावीला बसलेय."

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. कुणाला असा स्पर्श करून किती दिवस झाले होते, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं.

"मी रोज येत जाऊ?" त्या म्हणाल्या. "परीक्षेपर्यंत? सकाळी मला वेळच वेळ असतो."

शिवणवाली घुटमळली. बोटातला दोरा गुंडाळत, उलगडत राहिली. "राग मानू नका, बाई. पण मी मशीनवर बसूनच शिकते. गिऱ्हाईक आलं की बंद, गेलं की चालू. कधी दहा मिनिटं, कधी पाचच. तुम्ही समोर बसलात तर..." ती हसली, कसनुशी. "तुम्हाला कसं थांबवू?"

"खरंय," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. ज्या कॅमेऱ्याने त्यांचा वर्ग नेला, त्यानेच वयाच्या चाळिशीत या बाईला वर्ग दिला होता. त्यांनी बटणं पुन्हा डब्यात भरली आणि आपल्या खोलीत आल्या.

शिवणवालीने मात्र त्याच दिवशी तासाखाली लिहिलं, "मी बाईंना प्रत्यक्ष विचारलं. ५१ बरोबर." कुणी विश्वास ठेवला नाही. "हो का? तुझ्या घरी चहाला येतात वाटतं बाई," असं एकाने लिहिलं. ती परीक्षा पास झाली. गणितात एकसष्ट. निकाल सांगायला आली, बाईंच्या पाया पडू लागली, बाईंनी तिला मध्येच धरलं. दोन महिन्यांनी बाजारालगत मोठी जागा मिळाली म्हणून ती तिकडे गेली. तिच्या जागी आलेला भाडेकरू कानांत इअरफोन घालून काम करतो. भिंतीपलीकडून आता काही येत नाही.

चूक अजून तिथेच आहे. मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि बाईंना ते आठवलं की हातातलं काम सुटतं. पण त्यांचा विद्यार्थी क्रमांक अजून चालू आहे. सकाळी चहा झाला की त्या चष्मा लावून बसतात आणि एकशे अठरा तासांखालच्या शंका एकेक करून वाचतात. जिथे कुणीच उत्तर दिलेलं नसतं तिथे उत्तर देतात, पायरी-पायरीने, एका बोटाने. आपण कोण हे सांगत नाहीत. सांगून कोण मानणार?

परवा एका मुलाला त्यांनी एकाहत्तराव्या तासातलं गणित सोडवून दिलं. टंकायला पाऊण तास लागला. लगेच त्याचं उत्तर आलं, "थँक्स भावा. भारी समजावतोस."

बाईंनी काहीतरी लिहायला बोट उचललं, आणि खाली ठेवलं. मग त्यांनी पुढची शंका उघडली. कुण्या मुलीने तिसऱ्या पायरीत कंस सोडवताना चिन्ह बदललं नव्हतं.