सुताची टोकं

मी वरठीहून नागपूरला नोकरीला जायचो, तेव्हा स्टेशनच्या सायकल स्टँडवरचा म्हातारा रोज भेटायचा. नाव कधी विचारलं नाही. हँडलला बिल्ला बांधताना तो उदबत्तीच्या राखेत बोट बुडवायचा आणि सुताच्या दोन टोकांना असा पीळ द्यायचा, की सांधा ओढला तरी सुटायचा नाही.

गाडी लेट असली की तो रंगात यायचा. जत्रेत 'मौत का कुआँ'मध्ये मोटरसायकल फिरवली, आसामपर्यंत ट्रक नेला, गोव्यात जहाजं रंगवली, दंडारीच्या नाटकात राजा झाला. मला हेवा वाटायचा.

एकदा विचारलं, "हा पीळ कुठं शिकलात?"

"घरीच. मोहाडीचे कोष्टी आमी. विणून झालेलं लुगडं मागावरून उतरवलं तरी कोष्टी माग रिकामा नाही करत जी. जुन्या सुताची टोकं ठेवते, नवं सूत त्यालेच जोडते. मी मात्र जिथून उठलो, तिथून सारं कापूनच उठलो."

"वडील काही बोलले नाहीत?"

"माह्या मागावर टोकं ठेवली होती त्यानं. स्वतः दुसऱ्याकडं मजुरीनं विणत राहिला, पण त्या मागाले कोणाले हात नाही लावू दिला. पोरगा येऊन जोडंल म्हणे. मी आलो तं बाप नव्हता. टोकं होती. जोडाले बसलो, तं इतक्या वर्सांचं सूत हातातच तुटून राहिलं होतं."

तेवढ्यात गाडीची घोषणा झाली. त्यानं माझ्या सायकलला बिल्ला बांधला, आणि त्या दिवशी सांधा पुन्हा पुन्हा ओढून पाहिला.